अकरा घरांचे झबले

आमच्या घरी एक झबले आहे. रुंदीला जेमतेम वीतभर, लांबीला त्याहून चार बोटे अधिक. त्याला अकरा तुकडे आहेत आणि एकाचा रंग दुसऱ्याशी जुळत नाही. एक तुकडा खणाचा, दोन छिटाचे, एक जाड्याभरड्या मांजरपाटाचा, एक चौकड्यांच्या लुंगीचा. बाकीच्यांचा रंग आता सांगता येत नाही. दर दिवाळीच्या साफसफाईत पत्र्याची ट्रंक उघडली की ते वर येते, उन्हात पडते आणि कडुनिंबाच्या पाल्यासह पुन्हा आत जाते. हे झबले माझ्या वडिलांचे. साल १९२२.

आजीची आधीची तीन मुले गेली होती. पहिले सव्वा महिन्याचे होऊन गेले, दुसरे १९१८ च्या मानमोडीत आणि तिसरे कशाने गेले ते कोणालाच कळले नाही. चौथ्याच्या वेळी गावातल्या जाणत्या बायकांनी तिला सांगितले, "याला आपल्या घरचे काही लावू नकोस. मागून आणलेले घाल. मागून आणलेले कोणी नेत नाही." तेव्हा दिवस भरत आलेले असताना ही बाई पदर पसरून घरोघर गेली आणि कापडाचे तुकडे मागून आणले. धोंडू, दगडू, केरू, भिकू ही आपल्याकडची नावे याच भीतीतून आलेली आहेत. वडिलांचे नावही त्यातलेच एक होते आणि पुढे मोठ्या हुद्द्यावर गेल्यावरही त्यांनी ते बदलले नाही.

मी लहानपणी एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारीत असे आणि आजी घर सांगे. हा कुलकर्ण्यांचा, हा कोष्ट्याचा, हा अत्तरवाल्या मुसलमानाचा, हा वेशीबाहेरचा. ज्या घरचे पाणी आमच्याकडे चालत नसे, त्या घरची चिंधी बाळाच्या उघड्या अंगाला चालली. आजी कडक सोवळ्याची होती. तिला यात विसंगती वाटली का, असे मी मोठेपणी विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अगं, तेव्हा मला मूल हवं होतं." अकरापैकी दहा घरे तिने मला सांगितली. अकराव्या तुकड्याचे तिने कधी सांगितले नाही.

ही भीती केवळ अडाण्यांची होती असे समजू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे दोनशेच्या आसपास मुले पहिल्या वाढदिवसाच्या आत जात, असे सरकारी आकडे सांगतात; आणि नोंदी मुळातच अपुऱ्या होत्या. आज तो आकडा तिसाच्या खाली आला आहे. बाळ जन्मण्यापूर्वी नवे कपडे शिवून ठेवू नयेत, हा आपल्याकडचा संकेत त्या दोनशेंच्या काळातला आहे. शिवून ठेवलेले आणि कोणी न घातलेले झबले घरात राहिले तर आईने त्याचे काय करायचे?

मात्र जुन्या कापडाचा आग्रह निव्वळ भीतीचाही नव्हता. कोऱ्या कापडाला खळ असते, ते अंगाला टोचते. वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले आजीचे लुगडे किंवा आजोबांचे धोतर यांच्याइतके मऊ कापड गिरणीत मिळत नाही. झबले शिवण्याची रीतही अशीच विचाराची. शिवण आत न घेता बाहेर ठेवायची, म्हणजे कड कातडीला घासत नाही. गुंडी लावायची नाही, कारण बाळ निजलेले असते. गुंडी रुतते आणि तोंडात गेली तर जीवावर बेतते. त्याऐवजी कापडाचेच बंद. बाळ वाढले की बंद सैल बांधायचे, झाले.

या बंदांकडे पाहताना मला नेहमी बाराबंदीची आठवण होते. सहा जोड्या बंद बांधून घालायचा तो आखूड अंगरखा एके काळी महाराष्ट्रातले पुरुष सर्रास घालीत. मग सदरे आले, कोट आले, गुंड्या आणि काजे आली, आणि अंगरखा, बाराबंदी ही चित्रांत व नाटकांत जाऊन बसली. घरातल्या थोरांनी जो बंद सोडला तो तान्ह्या मुलाने धरून ठेवला. पोशाखाचा इतिहास लिहिणारे दरबारी जामे आणि पगड्या यांवर पानेच्या पाने खर्च करतात. पाळण्यात डोकावून पाहिले असते तर तोच इतिहास त्यांना हातभर अंतरावर दिसला असता.

टोपडे तर याहून सोपे. डोक्यावरून कानांपर्यंत जाणारी एक रुंद पट्टी, मागे चुण्या घालून ओढून घेतलेली, हनुवटीखाली दोन बंद. कुंचीला मात्र हौस लागे. डोके झाकून पाठीवर खाली रुळणारी ती खणाची किंवा रेशमी कुंची, तिला काठ, टोकाला गोंडा. बारशाला आत्याने कुंची आणायची, तिचे काठ किती रुंद आहेत ते बायकांनी पाहायचे, आणि त्यावरून पुढे वर्षभर बोलायचे! पहिल्या संक्रांतीला काळ्या कापडाचे झबले, त्यावर हलव्याचे दागिने आणि बोरन्हाण. एरवी अशुभ मानलेला काळा रंग त्या एका दिवशी तान्ह्याच्या अंगावर चढतो.

हे सगळे हाताने होई. गावात शिंपी असे. संत नामदेवांचे कुळ शिंप्याचे, म्हणजे हा धंदा आपल्याकडे किती जुना ते वेगळे सांगायला नको. पण तान्ह्याचे कपडे शिंप्याकडे जात नसत. सुईही बहुधा इंग्लंडातल्या रेडिच गावची असे, कारण एकोणिसाव्या शतकात जगभर सुया पुरवणारे मोठे गाव तेच. आजीची सुई एका फडक्यात टोचून देव्हाऱ्याशेजारी असायची आणि ती हरवली की घर डोक्यावर घेतले जाई. धावदोरा, टीप, तुरपाई एवढ्या तीन गोष्टी आल्या की मुलगी शिवणात तयार झाली.

मग यंत्र आले. त्याची कथा पॅरिसमध्ये सुरू होते. १८३० मध्ये तिमोनिए नावाच्या फ्रेंच शिंप्याने शिवणयंत्राचे पेटंट घेतले, त्यावर लष्करी गणवेश शिवायला घेतले, आणि पुढच्याच वर्षी पोट जाईल या धास्तीने तिथल्या शिंप्यांनी त्याची यंत्रे मोडून टाकली. अमेरिकेत वॉल्टर हंट या गृहस्थानेही त्याच दशकात एक यंत्र जुळवले, पण पेटंट घेतले नाही. १८४९ मध्ये त्याने घेतले ते सेफ्टी पिनचे. बाळाच्या दुपट्याला लागणारी पिन आणि झबले शिवणारे यंत्र एकाच डोक्यातून निघाले, ही गंमत मला फार आवडते. १८४६ मध्ये हाउ आणि १८५१ मध्ये सिंगर यांनी पेटंटे घेतली, आणि सिंगरच्या कंपनीने हप्त्यांनी यंत्रे विकून ती मध्यमवर्गाच्या घरात नेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचा इकडचा कारभार पटेल नावाचे पारशी गृहस्थ मुंबईतून पाहत. पुढे १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने देशी 'उषा' काढले. यंत्रांवर रोष असलेल्या गांधीजींनीही १९२४ मधल्या एका संभाषणात शिवणयंत्राला सूट दिली होती.

यंत्राने बायकांना काय दिले ते पुण्याच्या सेवासदनात दिसते. रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये ते उभे राहिले, आणि शिक्षणाबरोबर तिथे शिवणाचे वर्गही चालले. विधवेला आणि टाकलेल्या बाईला कोणापुढे हात न पसरता चार पैसे मिळवण्याची वाट त्यातून निघाली. आमच्या आईचे उदाहरण घरचेच आहे. १९५३ मध्ये तिने जुने हातमशीन हप्त्यांवर घेतले. एका हाताने चाक फिरवायचे, दुसऱ्याने कापड सरकवायचे. सुरुवात झबल्या-टोपड्यांनीच झाली, कारण कापड बिघडले तरी नुकसान थोडे. वर्षभरात आळीतल्या बाळंतिणींची झबली आमच्याकडे येऊ लागली आणि आम्हा बहिणींच्या शाळेची फी त्यातून जाऊ लागली. वडिलांना ते प्रथम रुचले नाही. आईने वाद घातला नाही. मशीन फक्त ते कचेरीत गेल्यावर चाले.

कापड वाया घालवायचे नाही हा धडा तिला युद्धाने दिला होता. १९४३ मध्ये कापडावर सरकारी नियंत्रण आले, ठरावीक भरड कापड मिळू लागले, तेही रांगेत उभे राहून. त्यामुळे ती बेतताना कापड तीनतीनदा फिरवून पाही. आणि माया सोडी. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात त्याला आपल्या भाषेत माया म्हणतात; हा शब्द कोणी काढला असेल त्याला माझा नमस्कार. माझ्या परकराला चार बोटे माया आणि वर तीन टका असत. दर जूनमध्ये एक टक उसवली जाई, आणि तिथे जुन्या रंगाचा गडद पट्टा दिसे. त्या पट्ट्यांवरून वर्गातल्या मुली माझे वय मोजीत. मला तेव्हा लाज वाटायची, दुकानातला फ्रॉक हवासा वाटायचा.

आता तो मिळतो. बाळ घरी येण्याआधीच तयार कपड्यांचे डबे येतात, सुबक, मऊ, त्यावर ससे आणि हत्ती. त्यांना नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. रात्रंदिवस नोकरी करणाऱ्या मुलींनी झबली तुरपत बसावे असे म्हणणारे बहुधा स्वतः कधी तुरपत बसलेले नसतात.

गेल्या श्रावणात मला पणती झाली. मी माझे एक विटके सुती पातळ काढले, आईच्या मशीनला तेल दिले आणि चार झबली शिवली. बारावा दिवस उलटल्यावरच. तेवढे मला सोडवले नाही. नातसुनेने झबले हातात घेऊन उलटसुलट केले आणि म्हणाली, "आजी, हे उलटं शिवलंय का?" मी तिचे बोट धरून शिवणीवरून आतून फिरवले, मग बाहेरून. तिने लगेच बाळाच्या अंगातले दुकानातले काढले. बंद बांधताना तिला गाठ जमेना. ती मी बांधली.