ग्रीनलंडची कयाक

ज्या ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर होडी बांधण्याजोगा वृक्ष उगवत नाही, तेथील शिकाऱ्यांनी सायबेरियाच्या नद्यांतून निघून सागरप्रवाहांबरोबर वाहत आलेल्या लाकडाचा सांगाडा करून, त्यावर सीलची कातडी ताणून, एकट्याने वल्हवायची जी वरून मढवलेली होडी सिद्ध केली, तीच कयाक. आणि आज गळ घेऊन पाण्यात उतरणाऱ्या हौशी माणसाची प्लास्टिकची कयाक कितीही निराळी दिसली, तरी तिचे कुळ त्याच मुलुखात शोधावे लागते.

तेथे कयाक निवडण्याचा प्रश्न मापाने सुटत असे. लांबी धन्याच्या सुमारे तीन वाव, रुंदी त्याच्या नितंबांहून दोन मुठी अधिक. अंगरख्यासारखी ती ज्याची त्यालाच बसे. स्त्रिया स्नायुतंतूंनी कातडी शिवत, ती सांध्यांतून पाणी न झिरपेल अशी. शिकाऱ्याच्या चर्मवस्त्राची कडा होडीच्या तोंडाभोवती आवळलेली असल्यामुळे ती उलटली तरी आत पाणी शिरत नसे, आणि वल्ह्याच्या एका फटकाऱ्यासरशी तो पुन्हा वर येई. आमच्या कोकणातील मासेमाराने होडीच्या बाजूला उलांडी बांधून तोल होडीच्याच स्वाधीन केला. ग्रीनलंडच्या शिकाऱ्याने, अरुंद होडी सीलजवळ निःशब्द नेता यावी म्हणून, तो स्वतःच्या देहात मुरवला. म्हणूनच मुलाला त्याच्या मापाची लहान कयाक देऊन किनाऱ्याजवळ शिकवीत. नवशिक्याने आजही रुंद, स्थिर होडी घ्यावी हे योग्यच. परंतु उलटल्यावर पुन्हा चढून बसण्याचा अभ्यास उथळ पाण्यात झाल्यावाचून तिला सुरक्षित म्हणू नये, असे माझे ठाम मत आहे.

कारण निष्णातांनाही समुद्राने सोडलेले नाही. आरशासारख्या निश्चल पाण्यावर तासन्‌तास स्थिर बसलेल्या शिकाऱ्याला दिग्भ्रम होऊन विलक्षण भीती ग्रासते, हे डॅनिश अंमलातील वैद्यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते. गिनो वॉटकिन्स या इंग्रज संशोधकाने उलटलेली कयाक सावरण्याची विद्या ग्रीनलंडवासीयांकडूनच आत्मसात केली होती. तरी 1932 च्या ऑगस्टमध्ये तो एकटाच सीलच्या शिकारीस गेला आणि परतला नाही.

पुढे समुद्र किंचित उबदार झाला, पश्चिम किनाऱ्यावर कॉड मासा विपुल येऊ लागला, आणि मोटारबोटींपुढे कयाक मागे पडली. 1980 नंतरच्या दशकात तेथील मंडळींनी कयाकसंघ स्थापून ही विद्या पुन्हा उभी केली. त्यांच्या स्पर्धांत कयाक सावरण्याचे तीसहून अधिक प्रकार करून दाखवावे लागतात, त्यांपैकी काही वल्ह्यावाचून नुसत्या हाताने, तर एक हातात जड वीट धरून.