काडतुसाचे गणित : शिशाची गोळी, मॅग्नम रिव्हॉल्व्हर आणि शाहपूरचा सीमाभाग

बुऱ्हाणपूरहून इच्छापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर शाहपूर हे गाव लागते. प्रशासनाने ते मध्य प्रदेशातले. पण बाजारात, घरात आणि केळीच्या बागांत मराठी सहज कानावर पडते. याच रस्त्याने पुढे महाराष्ट्रात उतरले आणि मुक्ताईनगरमार्गे भुसावळची वाट धरली की वरणगाव येते. तेथे १९६४ सालापासून सैन्यासाठी लहान शस्त्रांची काडतुसे बनविणारा सरकारी कारखाना आहे. उलट, शाहपूर ज्या जिल्ह्यात आहे त्याच बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तालुक्यातील पाचोरी हे गाव बेकायदा पिस्तुलांच्या निर्मितीमुळे अनेक वर्षे पोलिसांच्या नोंदीत आहे. एकीकडे यंत्रांवर, मोजमापांच्या पहाऱ्यात तयार होणारे काडतूस आणि दुसरीकडे भट्टीवर ठोकून काढलेली नळी, असा हा शेजार आहे. शस्त्रविद्येतील एक मूलभूत गोष्ट त्यातून समजून घेता येते. नळी कसबी लोहार घडवू शकतो. काडतूस मात्र कसबापेक्षा गणिताने बनते. ते गणित चुकले तर नळी चालविणाऱ्याच्याच हातात फुटते.

काडतुसाचे चार घटक

आधुनिक काडतुसाचे घटक चार : पितळेचे कवच, त्याच्या बुडाशी बसविलेली टोपी, आतील दारू आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी. घोडा टोपीवर आदळला की टोपीतील संवेदनशील रसायन पेटते, त्याची ज्योत दारूला लागते, दारूचा वायू होतो आणि त्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून पुढे जाते. गोळी सुटल्यावर टोपी आणि दारू संपते, गोळी निघून जाते. पितळी कवच तेवढे मागे उरते.

चौघांत सर्वांत महाग आणि पुन्हा वापरता येण्याजोगा भाग हे कवचच. वापरलेले कवच पुन्हा मापात आणून, नवी टोपी आणि नवी दारू घालून, त्यावर घरीच ओतलेली शिशाची गोळी बसविण्याचा छंद अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षे रूढ आहे. स्वतःच्या वापरापुरते काडतूस भरण्यास तेथे संघीय परवाना लागत नाही. विक्रीसाठी मात्र तो घ्यावा लागतो. खर्चात बचत आणि आपल्या शस्त्राला नेमके मानवेल असे काडतूस मिळणे, ही या छंदामागची दोन कारणे होत.

शिसेच का?

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्याची घनता पाण्याच्या अकरापटीहून अधिक आहे आणि ते साच्यात सहज उतरते. जड, स्वस्त आणि ओतण्यास सोपा असा दुसरा धातू माणसाला सहजी मिळाला नाही. म्हणून तोड्याच्या बंदुकीपासून रिव्हॉल्व्हरपर्यंत गोळी शिशाचीच राहिली.

शिशाचा दोष त्याच्या मऊपणात आहे. शुद्ध शिशाची कठीणता ब्रिनेल मापावर पाचच्या आसपास भरते. अशी गोळी वेगाने नळीतून गेली की घासून तिचा अंश नळीच्या पन्हाळ्यांत चिकटून राहतो आणि नेम बिघडतो. म्हणून शिशात कथिल आणि अँटिमनी मिसळतात. कथिलामुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट भरतो, अँटिमनीमुळे गोळी कठीण होते. मराठी वाचकाला हे मिश्रण अपरिचित नाही. जुन्या छापखान्यांतील खिळे याच तीन धातूंचे असत. लायनोटाइप यंत्राच्या धातूत साधारणपणे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथिल असे आणि त्याची कठीणता शुद्ध शिशाच्या चौपट भरे. छापखाने बंद पडू लागले तेव्हा अमेरिकेतील गोळ्या ओतणाऱ्या छांदिष्टांनी हा धातू आवर्जून विकत घेतला.

तथापि गोळी जितकी कठीण तितकी चांगली, हा समज खरा नाही. दाबाखाली गोळीचे बूड किंचित फुगून नळी घट्ट बंद व्हावी लागते. गोळी फार कठीण असेल तर ते फुगत नाही; तप्त वायू बाजूने निसटतो, वाटेत शिसे वितळवतो आणि नळीत तोच लेप बसतो. गोळीची कठीणता दाबाशी जुळली पाहिजे. या विषयाचे अर्धे शास्त्र या एका वाक्यात आहे.

ओतीव गोळीला वंगणही लागते. तिच्या अंगावरील खाचांत मेण आणि चरबीसदृश पदार्थांचे मिश्रण भरतात. १८५७ साली ज्या काडतुसांवरून वणवा पेटला त्यांना चरबी लावण्यामागचे तांत्रिक कारण जवळपास हेच होते : शिशाची गोळी नळीतून सहज सरकावी आणि दारूची काजळी साचू नये. कागदी काडतूस दातांनी फाडावे लागे आणि चरबी गाईची वा डुकराची असल्याचा संशय होता. म्हणून वंगणाचा प्रश्न धर्माचा झाला.

मॅग्नम म्हणजे काय?

‘मॅग्नम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ मोठा. शॅम्पेनच्या दीडपट नव्हे, तर दुप्पट मापाच्या बाटलीलाही हेच नाव आहे. स्मिथ अँड वेसन या कंपनीने १९३५ साली .३५७ मॅग्नम हे काडतूस बाजारात आणले. त्यामागे जुने .३८ स्पेशल होते. दोहोंच्या गोळीचा व्यास सारखाच. मॅग्नमचे कवच मात्र सुमारे ३ मिलिमीटर लांब ठेवले. हे अधिकच्या दारूसाठी नव्हते. नवे जोरदार काडतूस जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. चूक करणाऱ्याला चूक करताच येऊ नये, अशी ही योजना होती.

फरक आकड्यांत पाहावा. .३८ स्पेशलसाठी अमेरिकेतील उद्योगसंस्थेने ठरविलेली दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचास १७,००० पौंड आहे; .३५७ मॅग्नमची ३५,००० पौंड. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाची ही सुमारे हजारपट झाली. दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला चारशे मीटर वेगाने निघते तेव्हा तिच्यातील ऊर्जा सुमारे ८०० ज्यूल असते, म्हणजे .३८ स्पेशलच्या दुपटीहून अधिक. पुढे १९५५ साली .४४ मॅग्नम आले. त्याच्या मागे एल्मर कीथ या गुराखी लेखकाचे अनेक वर्षांचे हातभरणीचे प्रयोग होते.

आरंभीच्या .३५७ मॅग्नमची तक्रार मऊ शिशाच्या गोळ्यांबद्दलच होती; त्या नळीत लेप बसवीत. त्यावर तीन उपाय रूढ झाले : कठीण मिश्रधातू, चांगले वंगण आणि गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी वाटी. ही वाटी तप्त वायू आणि शिसे यांच्यामध्ये ढालीसारखी उभी राहते.

गणित कोठे चुकते?

काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांची. ती कवच जवळजवळ भरून टाकी, त्यामुळे चुकून दुप्पट भरण्यास जागाच उरत नसे. १८८४ साली फ्रान्सच्या पॉल व्हिएलने धूरविरहित दारू शोधली आणि परिस्थिती पालटली. ही दारू थोडक्यात अधिक बळ देते. जलद जळणाऱ्या प्रकाराने कवचाचा अल्प भाग व्यापला जातो आणि लक्ष विचलित झाले तर त्याच कवचात दुसरे मापही सहज मावते. बाहेरून दोन्ही काडतुसे सारखीच दिसतात.

उलट चूकही तितकीच घातक. दारू पडलीच नाही तर केवळ टोपीच्या जोराने गोळी नळीत थोडी पुढे जाऊन अडकते. आवाज फुसका येतो. चालविणारा पुन्हा घोडा ओढतो आणि दुसरी गोळी पहिलीवर आदळून नळी फाटते. मॅग्नममध्ये तिसरा धोका आहे. धक्का इतका असतो की गोळी कवचात नीट आवळलेली नसेल तर उरलेल्या काडतुसांतील गोळ्या पुढे सरकतात, चक्र अडते आणि शस्त्र निरुपयोगी होते.

काडतुसे भरणारा जाणकार म्हणूनच अंदाजावर काहीही करीत नाही. दाबमापक यंत्रांवर तपासलेली, छापील कोष्टके तो वापरतो. टोपी, कवच, गोळी वा दारू यांपैकी एकही घटक बदलला तर जुना हिशेब रद्द समजतो. ज्याच्याकडे ती कोष्टके, ते तराजू आणि तो दर्जाचा माल नाही, त्याच्या हाती उरतो तो जुगार.

गोमंतकीयांसाठी एक इशारा

दारूवर राज्यसत्तेची पकड ही गोव्याला नवी गोष्ट नाही. जुन्या गोव्याजवळ पणेली येथे पोर्तुगीजांचे दारूघर होते. त्याच परिसरातील प्रासादात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून १७५९ साली पणजीला स्थलांतर होईपर्यंत व्हाइसरॉयांचा निवास होता. सत्ता आणि दारू शेजारी नांदत होत्या, हे त्या जागेवरूनच दिसते.

आजही रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद शस्त्र कायद्यात आहे. अशी बंदूक बाळगणारा शेतकरी दारू स्वतःच ठासतो. त्यामुळे ‘दारू ती दारूच’ असा समज होणे स्वाभाविक आहे. तो जीवघेणा आहे. काळ्या दारूसाठी बनलेल्या नळीत काडतुसातून काढलेली धूरविरहित दारू तितक्याच मापाने घातली तर नळी त्या दाबाला टिकत नाही.

कायदा काय सांगतो?

१९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदूक आणि दारूगोळा यांना एकाच तराजूत तोलले आहे. कलम ३ नुसार परवान्याविना दोन्ही बाळगता येत नाहीत. कलम ५ नुसार परवान्याविना दोन्ही बनविता येत नाहीत. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनविण्याची यंत्रेही येतात. रिव्हॉल्व्हरचा परवाना हा काडतुसे भरण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे; विनापरवाना बाळगण्यास दोन ते पाच वर्षे.

भारतात नागरी परवान्यावर आढळणारे रिव्हॉल्व्हर बहुधा .३२ बोअरचे असते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून आणलेले ‘निर्भीक’ हेही त्याच बोअरचे. काडतुसांच्या निर्मितीची परंपरा पुण्याजवळच्या खडकी येथे १८६९ पासून आहे. २०२१ च्या पुनर्रचनेत खडकी आणि वरणगाव हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेले.

सीमाभागातील बेकायदा शस्त्रांची चर्चा निघाली की सिकलीगर समाजाचे नाव घेतले जाते. सैकल म्हणजे झिलई. तलवारी-कट्यारींना धार आणि झिलई देणारे ते सिकलीगर. ब्रिटिशांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने देशातील शस्त्रे परवान्याखाली आणली, तलवारींचा काळही सरला आणि या कसबाची कायदेशीर मागणी आटत गेली. काही हातांच्या गुन्ह्यासाठी सगळ्या समाजावर शिक्का मारणे अन्यायाचे आहे. पण त्या कसबाला वैध काम मिळाले नाही तर बाजार त्याला अवैध काम देतो, हेही तितकेच खरे आहे.

शिशाचे विष

गोळी कोणालाही न लागता जे नुकसान होते ते शिशाच्या विषाचे. शिशाच्या संपर्काची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बहुतेक टोप्यांच्या रसायनातही शिशाचे संयुग असते. मुलांच्या मेंदूची वाढ त्याने खुंटते. म्हणून घरातील चुलीवर शिसे वितळविणे, मग ते गोळीसाठी असो की मासेमारीच्या जाळ्याच्या वजनांसाठी, सर्वथा टाळावे. त्याची धूळ हातांना, कपड्यांना आणि भांड्यांना लागते आणि पोटात जाते. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. कारण गोळी लागलेल्या जनावरांचे अवशेष खाऊन कॉन्डॉर गिधाडे विषबाधेने मरत होती.

शाहपूरच्या बाजारात असो वा सत्तरीच्या रानात, कोणी स्वस्तातले ‘भरलेले’ काडतूस पुढे केले तर ते कोणी, कशाने आणि किती मापाने भरले हे बाहेरून कळण्याचा मार्ग नाही. ते बाळगणे गुन्हा आहे आणि चालविणे त्याहून मोठे संकट. असे काडतूस किंवा बेवारस दारूगोळा आढळल्यास तो न हाताळता जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे.