मराठी कथालेखनाचे मार्गदर्शन : ‘करमणूक’ ते ‘प्रतिभासाधन’

मराठी कथात्म साहित्यात प्रकाशनाचे साधन आधी आले. लेखनतंत्राची शास्त्रशुद्ध चर्चा मागाहून रुजली. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले व त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. हप्त्यागणिक वाचकाची उत्सुकता टिकविणे ही त्यामुळे लेखकाची व्यावहारिक गरज ठरली. १८९५ मध्ये निघालेल्या ‘मनोरंजन’ मासिकाने आटोपशीर कथेलाही हक्काचे स्थान दिले. पुढे १९३१ मध्ये ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ या ग्रंथात कथालेखनाच्या तंत्राची पद्धतशीर मांडणी केली. नवोदितांना त्यातून आधार मिळाला, हे मान्यच करावयास हवे. तथापि रेखीव कथानक व उत्कंठा यांवरील त्यातील भर नियतकालिकांनी घडविलेल्या वाचकाशी सुसंगत होता. १९४५ नंतर गंगाधर गाडगीळ प्रभृतींच्या नवकथेने हीच चौकट मोडली. म्हणून लेखनतंत्राचे नियम शिकविताना त्यांमागील प्रकाशनव्यवस्थाही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अगत्याचे आहे. अन्यथा एका पिढीची सोय पुढील पिढीस शाश्वत सिद्धांत वाटू लागते.