देवबंदची ‘रुदाद’ : वर्गणीदारांना दिलेला हिशेब

मराठीतील ‘अहवाल’ हा शब्द मूळचा अरबी. ‘हाल’ या शब्दाचे ते अनेकवचन होय. उर्दूत मात्र संस्थेच्या वार्षिक वृत्तान्ताला ‘रुदाद’ हा फारसी शब्द रूढ झाला. रुदाद म्हणजे जे घडले ते. महाविद्यालयाच्या कचेरीत रोज कानी पडणारा ‘जमाखर्च’ही अरबी-फारसीच्या वाटेनेच मराठीत आला. शब्द जुने असले, तरी वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने वर्षभराचा कारभार छापून वर्गणीदारांच्या हाती द्यावा ही प्रथा त्या मानाने अलीकडची आहे. मुस्लिम शिक्षणसंस्थांपुरते पाहिले, तर तिचे ठळक रूप देवबंदच्या दारुल उलूममध्ये आढळते.

मे १८६६ मध्ये देवबंदच्या छत्ता मशिदीत, डाळिंबाच्या झाडाखाली, एक शिक्षक व एक विद्यार्थी एवढ्यावर हा मदरसा सुरू झाला. तोपर्यंत मदरसे प्रामुख्याने वक्फ, जहागिरी आणि नबाब-उमरावांच्या आश्रयावर चालत. हिशेब द्यायचा तर तो त्या एका आश्रयदात्याला. १८५७ नंतर हा आश्रय फार ठिकाणी उरला नाही. हाजी आबिद हुसैन यांनी रुमालाची झोळी करून घरोघर वर्गणी मागितली, असे दारुल उलूमच्या इतिहासात नोंदले आहे. आश्रयदाता एक असतो. वर्गणीदार शेकडो असतात, गावोगाव विखुरलेले असतात आणि त्यांतील बहुतेकांनी मदरसा कधी डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो. अशा लोकांना हिशेब द्यायचा कसा? रुदाद हे त्याचे उत्तर होते.

या रुदादींत जमाखर्च, शिक्षकवर्ग, विद्यार्थी, परीक्षांचे निकाल ही माहिती येई, आणि त्यासोबत देणगीदारांची नामावली. मोठ्या रकमा देणाऱ्यांच्या बरोबरीने किरकोळ रक्कम देणाऱ्याचेही नाव तीत असे. रोख रकमेखेरीज पुस्तके, धान्य, विद्यार्थ्यांचे जेवण अशा वस्तुरूप देणग्यांनाही तीत जागा होती. आरंभीच्या देणगीदारांत हिंदू नावेही आहेत, ही गोष्ट आज मुद्दाम सांगावी लागते.

येथे एक पेच दिसतो. मौलाना मुहम्मद कासिम नानौतवी (निधन १८८०) यांनी मदरशासाठी आठ तत्त्वे घालून दिली. मदरशाला जहागीर, कारखाना, व्यापार वा एखाद्या धनिकाचे वचन असे निश्चित उत्पन्न लाभले, तर ईश्वरावरील भिस्त ढळेल आणि कार्यकर्त्यांत कलह माजेल, असा इशारा त्यांत आहे. सरकार आणि श्रीमंत यांचा सहभाग अपायकारक मानला आहे. आणि शेवटचे तत्त्व असे, की ज्यांना देणगीतून नावलौकिकाची अपेक्षा नाही, त्यांची देणगी अधिक बरकतीची. मग नावे छापायची कशासाठी? वरवर पाहता ही विसंगती वाटते. परंतु नामावलीचा उपयोग लक्षात घेतला की ती तेवढी राहत नाही. दूरच्या गावातील वर्गणीदार स्वतःचे नाव शोधतो ते मिरवण्यासाठीच असे नाही. आपण मध्यस्थाच्या हाती दिलेले दोन रुपये मुक्कामी पोहोचले की नाही, हे त्याला पाहायचे असते. छापील नाव ही जाहीर पावती होती. गावोगाव वर्गणी गोळा करणाऱ्या स्वयंसेवकालाही तिचाच आधार, कारण गावात त्याच्या सचोटीची साक्ष तीच देई.

हिशेबाला धर्मशास्त्राचीही एक बाजू होती. हनफी फिक्हनुसार जकातीची रक्कम पात्र गरजूच्या मालकीची व्हावी लागते. ती गरीब विद्यार्थ्यांवर खर्च करता येते. शिक्षकांच्या पगारात किंवा बांधकामात थेट घालता येत नाही. त्यामुळे जकात आणि सर्वसाधारण वर्गणी यांची खाती वेगळी ठेवणे ही केवळ कारकुनी सोय नव्हे. खाते चुकले तर देणाऱ्याची जकातच अदा होण्याचा प्रश्न उभा राहतो.

या सगळ्याला काळाची साथ मिळाली. शिळाछापामुळे उर्दू मजकूर स्वस्तात छापता येऊ लागला होता, आणि नानौतवी स्वतः दिल्ली-मेरठच्या छापखान्यांत मुद्रितशोधनाचे काम केलेले. पुढे १८८० मध्ये टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली. कायद्याचा रेटा मात्र नव्हता. संस्था नोंदणीचा १८६० चा कायदा नोंदणीकृत संस्थेकडून दरवर्षी मागत होता ती कार्यकारी मंडळाची यादी. वर्गणीदारांची नामावली छापणे ही देवबंदची स्वतःहून पत्करलेली शिस्त होती. मुंबई राज्यात विश्वस्त संस्थांच्या हिशेबतपासणीचे बंधन आले ते १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने. परंतु तो हिशेब प्रथम धर्मादाय आयुक्तांसाठी असतो. देणगीदाराला तो वाचायला मिळतोच असे नाही, आणि मिळाला तरी ताळेबंदात त्याचे नाव नसते. आजच्या कित्येक गुळगुळीत अहवालांत प्रमुख पाहुण्यांच्या छायाचित्रांना जितकी पाने मिळतात, तितक्या ओळीही छोट्या वर्गणीदाराला मिळत नाहीत.

महाराष्ट्रातही त्याच सुमारास अशी धडपड चालू होती. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने पुण्यात आपल्या कार्याचा अहवाल छापला. रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड, म्हणजे घराघरांतून जमवलेले मूठमूठ धान्य, त्यानंतरचा. देवबंदशी यांचा थेट संबंध नव्हता. गरज मात्र सारखीच होती.

रुदादींना पुढे आणखी एक वाचक लाभला, ज्याची कल्पना त्या लिहिणाऱ्यांना असणे शक्य नव्हते. अमेरिकन इतिहासकार बार्बरा मेटकाफ यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देवबंदविषयक ग्रंथासाठी या वार्षिक वृत्तान्तांचा बारकाईने उपयोग केला. देणगीदार कोणत्या गावचे आणि कोणत्या थरातले, हे त्यांना त्या याद्यांवरून मांडता आले.