बास बोटीचा वेग आणि ‘स्लिप’चे गणित

अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या जलाशयांत गळाने बास मासे पकडण्याच्या स्पर्धा लोकप्रिय आहेत. रे स्कॉट यांनी १९६७ मध्ये आर्कान्सा राज्यातील बीव्हर लेक येथे अशी मोठी स्पर्धा भरविली आणि या खेळाला संघटित रूप येत गेले. माशांच्या ठिकाणी आधी पोहोचणाऱ्याला मोक्याची जागा मिळते. त्यामुळे १८ ते २१ फूट लांबीच्या या फायबरच्या बोटींना २०० ते २५० अश्वशक्तीची आउटबोर्ड इंजिने बसविली जातात. मात्र, इंजिन दमदार असूनही वेग मिळत नसेल, तर दोष अनेकदा प्रोपेलर आणि इंजिनाच्या बसवणुकीत असतो. तो शोधण्याचे साधन म्हणजे ‘स्लिप’.

स्लिप म्हणजे काय?

प्रोपेलर एका फेऱ्यात सिद्धांतानुसार जितके अंतर पुढे जायला हवा, ते त्याचे ‘पिच’. २४ इंच पिचचा प्रोपेलर फेऱ्यागणिक सुमारे ६१ सेंटिमीटर पुढे जायला हवा. पण पाणी लाकडासारखे घट्ट नसल्याने तो थोडा मागे पडतो. ही तूट म्हणजेच स्लिप.

समजा, इंजिनाचे मिनिटाला ५,६०० फेरे होतात आणि गिअरचे प्रमाण १.७५ आहे. म्हणजे प्रोपेलरचे फेरे ३,२०० होतात आणि सैद्धांतिक वेग ताशी ११७ किलोमीटर येतो. जीपीएसवर प्रत्यक्ष वेग १०३ किलोमीटर दिसला, तर स्लिप १२ टक्के झाली. चांगल्या जुळणीच्या बास बोटीत पूर्ण वेगाला ती साधारण ५ ते १० टक्के असते. शून्य स्लिप हे मात्र उद्दिष्ट नव्हे. पाती पाण्याला काहीशा कोनात भिडून ते मागे ढकलतात, तेव्हाच बोटीला रेटा मिळतो. त्यामुळे थोडी स्लिप अटळ असते.

जुळणी कशी करावी?

पहिली बाब इंजिनाच्या उंचीची. बोटीची मागची फळी आणि इंजिन यांच्यामध्ये बसविलेल्या जॅक प्लेटने इंजिन वर-खाली करता येते. प्रोपेलरचा दांडा बोटीच्या तळाच्या पातळीपेक्षा साधारण ३ इंच खाली ठेवून सुरुवात करावी आणि पाव-पाव इंचाने वर न्यावे. इंजिनाचा खालचा भाग पाण्याबाहेर येऊ लागला, की पाण्याचा विरोध घटतो व वेग वाढतो. प्रमाणाबाहेर उचलल्यास मात्र प्रोपेलर हवा ओढतो. फेरे वाढतात, वेग घटतो आणि स्लिप चढते.

दुसरी बाब ‘ट्रिम’ची, म्हणजे इंजिनाच्या तिरपेपणाची. तो कमी असल्यास बोटीचे पुढचे टोक पाण्यात दबून राहते. जास्त झाल्यास ते वर-खाली आपटू लागते.

तिसरी बाब प्रोपेलरची. पिच एका इंचाने वाढविल्यास इंजिनाचे फेरे साधारण १५० ते २०० ने कमी होतात. पूर्ण थ्रॉटलला फेरे उत्पादकाने ठरविलेल्या मर्यादेतच असावेत. चार पात्यांचा प्रोपेलर सहसा पाण्यावर पकड चांगली ठेवतो. तीन पात्यांचा अनेकदा सर्वोच्च वेगाला सरस ठरतो.

एका वेळी एकच बदल करावा. इंधन, सामान आणि माणसे नेहमीइतकीच ठेवून दोन्ही दिशांनी फेरी मारावी व नोंद करावी. स्लिप अचानक वाढली, तर पाती वाकली आहेत का, किंवा प्रोपेलरच्या मध्यातील रबरी बुश सुटला आहे का, हे आधी तपासावे.

आकड्यापेक्षा जीव मोलाचा

इंजिन उंच नेताना पाण्याच्या दाबाचा काटा पाहणे अत्यावश्यक आहे. थंड करणारे पाणी आत शिरले नाही, तर महागडे इंजिन तापून निकामी होते. वेग वाढताच बोट डाव्या-उजव्या कुशीवर डोलू लागली, तर थ्रॉटल हळूहळू कमी करावा. ही डोल हाताबाहेर गेल्यास चालक बाहेर फेकला जाऊ शकतो. तसे घडल्यास इंजिन आपोआप बंद व्हावे, यासाठी अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान मोटरबोटींच्या चालकांना, काही अपवाद वगळता, वेगात असताना सुरक्षा-दोरी किंवा तत्सम साधन वापरणे बंधनकारक आहे. उत्तम जुळणी सर्वांत कमी स्लिप देणारी नव्हे, तर भरल्या बोटीला खवळलेल्या पाण्यातही ताब्यात ठेवणारी असते.