होडीत जागा होती

टायटॅनिकचं नाव निघालं की "होड्या कमी होत्या हो, म्हणून माणसं बुडाली" असं आपण सगळ्याच म्हणतो. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं आपण बायकांनी नीट समजून घ्यायला हवं, कारण हल्ली जैन जेवणाची सोय बघून आपल्यातलेही पुष्कळजण क्रूझच्या सहलीला जाऊ लागले आहेत.

1912 च्या एप्रिलमध्ये टायटॅनिकवर सुमारे 2200 माणसं होती. जीवनौका 20, त्यांत जागा 1178. गंमत म्हणजे यात कायदा कुठेच मोडला नव्हता. दहा हजार टनांच्या वरच्या जहाजाला 16 होड्या पुरेत, असा ब्रिटिश सरकारचा जुना नियम होता. टायटॅनिक होतं 46 हजार टनांचं. जहाजं वाढत गेली, नियम होता तिथेच राहिला.

पण त्या 1178 जागांवर तरी माणसं बसली का? वाचले सुमारे 710. म्हणजे साडेचारशेहून जास्त जागा वायाच गेल्या. सगळ्यांत आधी पाण्यात उतरलेल्या होडीत 65 जणांची सोय होती, बसले 28 च्या आसपास. एका लहान होडीत 40 जागा होत्या, माणसं अवघी 12!

असं का झालं? वर जहाजावर दिवे लागलेले, वाद्यं वाजत होती, ऊब होती. साठ-सत्तर फूट खाली काळोख आणि बर्फासारखं पाणी. चांगलं जहाज सोडून त्या टीचभर होडीत कोण उतरणार? इडा स्ट्राउस नवऱ्याला सोडून जायचं नाही म्हणून मागे राहिल्या. ती गोष्ट आपल्या मनाला लागते. पण बहुतेकांनी त्याग वगैरे केला नव्हता, त्यांना धोकाच पटला नव्हता. प्रवाशांची होडीत बसायची तालीम झाली नव्हती, कुणाची होडी कुठली तेही ठरलेलं नव्हतं. भरलेली होडी दोरांवरून खाली सोडली तर मोडेल, अशी अधिकाऱ्यांना भीती. तशा होडीची वजन टाकून चाचणी झाली होती, पण ते त्यांच्या कानावरच नव्हतं.

"बायका-मुलं आधी" असं म्हणतात ना? पहिल्या वर्गातल्या 144 बायकांपैकी 140 वाचल्या. तिसऱ्या वर्गातल्या 165 पैकी फक्त 76. होड्या वरच्या मजल्यावर, आणि खालच्या बायकांना तिथवरची वाटच ठाऊक नव्हती.

पुढे जानेवारी 1914 मध्ये लंडनला अनेक देशांनी करार केला: प्रत्येक माणसाला होडीत जागा हवी, आणि तालीमही हवी. पण नुसत्या होड्या वाढवून भागत नाही. 1915 मध्ये शिकागोच्या नदीत ईस्टलँड नावाचं जहाज धक्क्यालाच कलंडलं, 844 जीव गेले. आधीच डुगडुगणाऱ्या त्या जहाजावर नव्या होड्यांचं ओझं चढवलेलं होतं.

आता अगदी अलीकडचं. 13 जानेवारी 2012, इटलीतलं जिल्यो बेट. कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटलं. होड्या भरपूर होत्या. पण जहाज सोडायचा हुकूम यायला तासाहून जास्त वेळ गेला. तोवर ते इतकं कललं की बऱ्याच होड्या नीट उतरवताच येईनात. 32 माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची तालीमच झाली नव्हती, कारण ती 24 तासांत घेतली तरी नियमाला चालत होती. 2015 पासून हा नियम बदलला. आता जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच तालीम घ्यावी लागते.

भोंग्याचे सात छोटे आवाज आणि एक लांब, ही खूण. ती ऐकली की ठरलेल्या जागी जमायचं, जॅकेट घालायचं, खलाशी सांगतील तसं बसायचं. हुकूम झाल्यापासून 30 मिनिटांत सगळ्या होड्या पाण्यात गेल्या पाहिजेत, असा दंडक आहे.

आपल्या धर्मात प्रमाद हे कर्मबंधाचं एक कारण सांगितलं आहे. प्रमाद म्हणजे नुसता आळस नव्हे, गाफील राहणंही त्यातच आलं. तेव्हा तालमीला बोलावतील त्या वेळी खोलीत बॅगा लावत बसू नका. सासूबाईंना, मुलांना बरोबर घ्या आणि आपली जमायची जागा एकदा स्वतः चालत जाऊन बघून या.