प्रिस्टलेची मेणबत्ती

विज्ञानाच्या तासाला बाई परीक्षानळीत धुमसती काडी सोडायच्या आणि ती भप्पकन पेटायची. वहीत वाक्य उतरायचे : ऑक्सिजन स्वतः जळत नाही, ज्वलनास मदत करतो. ते शिकलेल्यालाही रुग्णाच्या खाटेपाशी ते क्वचितच आठवते.

त्या काडीची पूर्वज म्हणजे एक मेणबत्ती. १ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्लंडमधल्या कॅल्न गावाजवळ शास्त्रज्ञ जोसेफ प्रिस्टले यांनी भल्यामोठ्या भिंगाने पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर ऊन एकवटले. त्यातून निघालेल्या वायूत, म्हणजे ऑक्सिजनमध्ये, मेणबत्तीची ज्योत विलक्षण जोमाने उठली. पुढच्या वर्षी त्यांनी तो वायू स्वतः हुंगला. छाती हलकी झाल्यासारखे वाटले. आजाऱ्यांना याचा उपयोग होईल, असे त्यांच्या मनात आले आणि लगेच धास्तीही वाटली : मेणबत्ती भराभर सरते, तसा माणूसही सरला तर? औषध आणि आग, दोन्हींची ओळख एकाच टेबलावर झाली होती. मराठीने या वायूला प्राणवायू म्हटले. नाव सुंदर आहे, पण त्यात मेणबत्ती झाकली गेली.

शस्त्रक्रियागृहात ती फार काळ झाकलेली राहिली नाही. भुलीचा ईथर ऑक्सिजनमध्ये मिसळला की साध्या ठिणगीनेही स्फोट होई. १९५६ साली न पेटणारे हॅलोथेन वापरात आले आणि ती भीती हळूहळू ओसरली. ऑक्सिजन मात्र तिथेच राहिला.

३१ ऑक्टोबर १९९७ रोजी मिलानमधल्या एका रुग्णालयात उच्चदाबाच्या ऑक्सिजन कक्षाला आग लागून ११ जण गेले. संशय होता एका रुग्णाने आत नेलेल्या, हात शेकायच्या छोट्या उपकरणावर.

महाराष्ट्राला २०२१ साल विसरता येणार नाही. ९ जानेवारीला भंडाऱ्यात रुग्णालयाच्या नवजात शिशूंच्या कक्षात आग लागून १० बाळे गेली. एप्रिलमध्ये विरारच्या अतिदक्षता विभागात आग लागली, नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या. कोविडच्या लाटेत अतिदक्षता विभागांत जोराच्या झोताने ऑक्सिजन देणारी हाय फ्लोची यंत्रे एकेका रुग्णाला मिनिटाला ६० लिटरपर्यंत वायू देत होती आणि त्यातला बराचसा खोलीत सुटत होता. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो २३-२४ टक्क्यांवर गेला तरी आग चटकन लागते. चादर, गादी, केस यांत तो मुरतो आणि नळी बंद केल्यावरही काही वेळ रेंगाळतो. खिडक्या बंद असल्या की बाहेर जायला त्याला वाटच नसते. म्हणूनच सिलिंडरच्या जोडणीला तेलाचा हात लावायचा नाही, चावी सावकाश फिरवायची, हे जुने नियम. ते पाळणारे वॉर्डबॉय आणि सिस्टर रोज किती जीव वाचवतात, याची कुठे नोंद होत नाही.

आग लागलीच, तर सर्वांत अवघड काम भिंतीवरच्या ऑक्सिजनच्या झडपेचे. ती बंद केली तर आगीचा खुराक तुटतो, पण त्याच नळीवर श्वास घेणाऱ्यांचा श्वासही तुटतो. म्हणून कुठली झडप कुठल्या खाटांची, सुटे सिलिंडर आणि हाताने दाबून श्वास द्यायची अम्बू बॅग कुठे, आधी कोणाला बाहेर न्यायचे, हे सिस्टरला अंधारात आणि धुरात, हाताने चाचपूनही सापडावे लागते.